अळंबी, उंबर आणि मंडळीची यादी

शास्त्रभाग : 1 राजे 4:29-34, लेवीय 14:33-48, 1 करिंथ 12:20-26



शलमोनाच्या ज्ञानाच्या गोष्टी आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. एका मुलासाठी भांडणाऱ्या दोन स्त्रिया, शबाची राणी, मंदिराची उभारणी, हे सर्व आपल्याला पाठ असते. परंतु राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या चवथ्या अध्यायाच्या शेवटी एक लहानशी नोंद आहे, तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. शलमोन झाडांविषयी बोलत असे, असे तेथे सांगितले आहे. मोठ्या गंधसरूविषयी तर तो बोलेच, पण भिंतीच्या फटीत वाढणाऱ्या एजोबालाही त्याच्या बोलण्यात जागा होती. पशुपक्ष्यांबरोबर जमिनीवर सरपटणारे जीवही त्याच्या अभ्यासात होते. ज्याच्या घरी सोन्याला तोटा नव्हता, तो राजा भिंतीवरच्या झुडपापाशी थांबून विचार करीत होता. पवित्र शास्त्र याला करमणूक म्हणत नाही, ज्ञान म्हणते. तेव्हा ज्ञानी माणसाची एक खूण अशी की, इतरांच्या नजरेतून सुटणारे तो पाहतो.

या महिन्यात आपण याच खुणेचा विचार करू या. आणि तो करावयास आम्हाला दूर जाण्याची गरज नाही.

सिल्वासा हे दादरा व नगर हवेलीचे मुख्य गाव. हा सारा मुलूख अवघा 491 चौरस किलोमीटरांचा. 1954 पर्यंत येथे पोर्तुगिजांचा अंमल होता. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले, 1961 साली हा प्रदेश भारतीय संघराज्यात आला आणि 2020 साली दमण व दीव यांच्याशी जोडला गेला. सुमारे 40 टक्के भूमीवर आजही जंगल आहे. खानवेलच्या रस्त्याला लागले की साग, ऐन, खैर, मोह, कुंभा, बांबू ही झाडे भेटू लागतात. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी हे आमचे शेजारी या झाडांना नावानिशी ओळखतात. दुसऱ्या बाजूला करसवलतींमुळे उभे राहिलेले कारखाने आहेत. 1961 च्या जनगणनेत येथे सुमारे 58 हजार माणसे होती, 2011 च्या जनगणनेत ती 3 लाख 43 हजारांच्या वर गेली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, महाराष्ट्र येथून माणसे पोटासाठी येथे आली. त्यांत आपले मराठी ख्रिस्ती लोकही आहेत.

कारखान्याच्या गावात प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारला जातो : हिचा उपयोग काय? यंत्राने किती सूत काढले, कामगाराने किती तास भरले, याचा हिशेब रोज होतो. कारखान्यात हा प्रश्न योग्यच आहे. परंतु तोच प्रश्न हळूच उपासनामंदिराच्या दारातून आत येतो आणि बाकावर बसलेल्या माणसाला विचारला जातो, तेव्हा मात्र आपण सावध झाले पाहिजे. त्या प्रश्नाला देवाच्या वनाने काय उत्तर दिले आहे, ते पाहू या.

1. वारुळाखालचे शेत

पावसाचे पहिले आठवडे लोटले की आमच्याकडील आदिवासी बहिणी टोपलीत पांढरी अळंबी घेऊन येतात. त्यांतील उत्तम जात वारुळावर उगवते. वारूळ म्हटले की आपल्या मनात नागाचे नाव येते, परंतु ते बांधते वाळवी. जिचा आपण अत्यंत तिटकारा करतो तीच ही वाळवी.

वाळवी सुकलेले लाकूड, पालापाचोळा, गवत आत नेते. लाकडाचा कठीण भाग या जातीच्या वाळवीला एकटीला नीट पचत नाही. म्हणून ती चावलेल्या लाकडाचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सच्छिद्र पोळे जमिनीखाली रचते आणि त्यावर एका विशेष बुरशीची लागवड करते. बुरशी त्या लाकडाला मऊ करते, पचण्याजोगे करते. वाळवी तिला अंधार, ओलावा आणि अन्न पुरविते, परक्या बुरशीचे तण काढून टाकते. पावसाळ्यात हीच बुरशी लांब देठ वर पाठवून जमिनीबाहेर छत्री उघडते, तिला आपण अळंबी म्हणतो. ही बुरशी त्या वारुळाशिवाय जगत नाही आणि ते वारूळ या बुरशीशिवाय टिकत नाही.

आपल्या वाचकांस एक गोष्ट ऐकून आनंद होईल. भारतातील वाळवीच्या घरात ही बुरशी असते, हे ज्यांनी प्रथम लक्षपूर्वक लिहून ठेवले त्यांत योहान गेरहार्ड कोनिग हे एक होते. ते ट्रांकेबारच्या प्रॉटेस्टंट मिशनचे वैद्य म्हणून भारतात आले होते. तंजावरकडील वाळवीवर त्यांनी 1779 साली लिहिले. त्या काळी तंजावरास भोसल्यांचे राज्य होते. आमच्या जंगलातील कुंभ्याच्या झाडाची गोष्टही अशीच आहे. त्याचे शास्त्रीय नाव 'कॅरिया' हे विल्यम कॅरी यांच्यावरून ठेवलेले आहे. 1805 साली मराठीचे व्याकरण आणि 1810 साली मराठीचा कोश छापणारे ते हेच कॅरी. देवाचे वचन लोकांच्या भाषेत आणणारा सेवक झाडाची पानेही न्याहाळीत होता. त्याला ही दोन कामे परस्परविरुद्ध वाटली नाहीत.

तर मग वाळवीचा उपयोग काय? ती नसती तर आमचे जंगल आपल्याच वाळक्या पानांखाली गुदमरले असते. पडलेले लाकूड मातीत परत गेले नसते. माती नाही तर साग नाही. सागाचा भाव रुपयांत होतो, वाळवीचा होत नाही. परंतु साग तिच्या कष्टांवर उभा आहे. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला हेच सांगितले आहे. शरीराचे जे भाग दुबळे दिसतात ते नसले तरी चालतील असे नव्हे, त्यांच्यावाचून शरीराचे चालतच नाही. पौल येथे दुबळ्यांची कीव करीत नाही. तो वस्तुस्थिती सांगतो.

2. उंबराचे न दिसणारे फूल

दुर्मिळ वस्तूला आपण उंबराचे फूल म्हणतो. परंतु उंबराला फुले भरपूर येतात. ती फळाच्या पोटात असतात म्हणून दिसत नाहीत, इतकेच. त्या बंद कोठडीत पराग नेतो कोण? चिलटाएवढी एक गांधीलमाशी. फळाच्या टोकाशी एक अरुंद वाट असते. मादी तीतून आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. आत ती अंडी घालते, आणलेला पराग फुलांना मिळतो आणि ती तेथेच मरते. तिच्या पिलांतील नरांना पंखच नसतात. ते माद्यांसाठी बाहेरची वाट कोरतात आणि आतच संपतात. नवीन माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे निघतात. पुढे त्या फळांवर पक्षी, माकडे आणि वटवाघळे तृप्त होतात. त्या माशीचे नाव कोणाला ठाऊक नसते.

प्रभूने गव्हाच्या दाण्याविषयी योहानाच्या बाराव्या अध्यायात जे सांगितले, त्याची छाया येथे दिसते. छाया म्हणण्याचे कारण असे की, माशी आपल्या स्वभावाने मरते, आपला प्रभू मात्र जाणूनबुजून, प्रीतीने मेला. हा भेद विसरू नये.

मराठी पवित्र शास्त्रात उंबराचे झाड आणखी एका ठिकाणी आले आहे. जक्कय त्यावरच चढला होता. तेथील उंबर आपल्याकडच्याहून वेगळा, पण एकाच कुळातला. यरीहोतील सज्जनांची यादी जर कोणी केली असती, तर जक्कयाचे नाव तीत आले नसते. गर्दीने त्याला पुढे येऊ दिले नाही. पण प्रभू झाडाखाली आला, त्याने वर पाहिले आणि त्याला नावाने हाक मारली. त्या घरी तो जेवावयास गेला तो जक्कयाने आपल्या पैशाचा हिशेब चुकता करण्यापूर्वी. हिशेब नंतर झाला, आणि मनापासून झाला. हा क्रम आपण ध्यानात ठेवू या. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

3. पडलेल्या झाडावरची रोपे

आता थोडे दूर जाऊ. जपानच्या उत्तरेस होक्काइदो नावाचे थंडीचे बेट आहे. तेथील साप्पोरोच्या शेतकी विद्यालयात 1877 साली काही विद्यार्थ्यांनी येशूला अनुसरण्याच्या करारावर सह्या केल्या. पुढल्या वर्षी, 2 जून 1878 रोजी, सात तरुणांचा बाप्तिस्मा झाला. पाळक जवळ नव्हता, म्हणून ते वसतिगृहाच्या खोलीत आळीपाळीने उपासना चालवीत. त्यांत कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. त्या सातांपैकी उचिमुरा कान्झो हे पुढे जपानातील प्रसिद्ध ख्रिस्ती लेखक झाले. मियाबे किंगो हे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. त्यांनी त्या उत्तरेकडील वनांचा जन्मभर अभ्यास केला आणि साप्पोरोचे वनस्पतिउद्यान उभारले.

त्या वनात एझो स्प्रूस नावाचे सूचिपर्णी झाड वाढते. त्याचे बी जमिनीवर पडते, पण तेथे बुटक्या बांबूची इतकी दाटी असते की कोवळ्या रोपाला प्रकाश मिळत नाही. त्यात हिवाळ्यात बर्फाखाली एक काळी बुरशी त्याला मारते. मग नवीन झाडे येतात कोठून? ती उन्मळून पडलेल्या जुन्या झाडाच्या खोडावर येतात. पडलेल्या खोडावर शेवाळ वाढते, दुसऱ्या जातीच्या बुरश्या त्याचे लाकूड मऊ करतात, त्यात पाणी राहते. जमिनीवरचे मरण तेथवर सहसा पोहोचत नाही. अशा खोडावर रोपांची ओळ लागते. शंभर दीडशे वर्षांनी जुने खोड संपून जाते, पण झाडे सरळ रांगेत उभी राहिलेली दिसतात. येथे एकदा कोणी पडला होता, याची साक्ष ती रांग देत असते.

जंगलतोडीचा व्यापारी म्हणेल, पडलेले लाकूड वेळीच उचलले असते तर जागा स्वच्छ झाली असती. जागा स्वच्छ झाली असती हे खरे, पण पुढची पिढी उगवली नसती.

आपल्या मंडळ्यांचे वय पाहा. ज्या सुवार्तिकांनी पायी फिरून पाड्यांवर वचन नेले, ज्या बायबल स्त्रियांनी घरोघरी बसून बायकांना अक्षरे शिकविली, त्यांतील कित्येक आज अंथरुणाला खिळले आहेत. त्यांना निवृत्तिवेतन नाही. त्यांच्याकडून आता कार्यक्रमाची अपेक्षा नाही, वर्गणीची तर नाहीच. परंतु आपण ज्या रांगेत उभे आहोत ती रांग कोणाच्या खोडावर उगवली?

4. बुरशीचा दुसरा चेहरा

येथे कोणी विचारील, आणि विचारणे रास्त आहे, की तुम्ही किडामुंगीचे एवढे गोड वर्णन करता, पण नाश कोण करतो? पावसाळा सरत आला की आमच्या सागाची पाने अळी अशी खाते की केवळ शिरांची जाळी उरते. भिंतीला बुरशी लागते. अन्न नासते. आणि अळंबी समजून विषारी छत्री खाल्ली तर माणूस जिवाला मुकतो.

पवित्र शास्त्र हे लपवीत नाही. योनाचा वेल सुकविणारा किडा देवानेच नेमला होता. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की, सारी सृष्टी नाशाच्या दास्यात कण्हत आहे आणि सुटकेची वाट पाहत आहे. म्हणून सृष्टीपासून सरसकट धडा काढता येत नाही. वनात बळी तो कान पिळी हा न्यायही आहे, तो मंडळीने घ्यावयाचा नाही. सृष्टीला आपण वचनाच्या उजेडात वाचावे. आणि मंडळीत खरी बुरशी लागली, म्हणजे खोटेपणा, व्यसन, पैशाचा अपहार शिरला, तर गप्प बसणे ही प्रीती नव्हे.

पण मग करावे काय? लेवीयाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीला लागणाऱ्या चट्ट्याचा नियम आहे. हिरवट किंवा तांबूस, भिंतीत खोल गेलेले असे हे चट्टे बुरशीचेच असावेत, असे पुष्कळ टीकाकारांचे मत आहे. तेथे याजकाने काय करावे, हे पायरीपायरीने सांगितले आहे. घराचा धनी येऊन सांगतो. याजक आपण जाण्यापूर्वी घर रिकामे करावयास सांगतो, म्हणजे आतील चीजवस्तू अशुद्ध ठरून गरिबाचे नुकसान होऊ नये. मग तो स्वतः त्या घरी जातो. चट्टा पाहतो. लगेच निकाल देत नाही, सात दिवस थांबतो. सातव्या दिवशी पुन्हा जातो. चट्टा पसरला असला तरी घर पाडीत नाही. तेवढे दगड काढतो, भिंत खरवडून घेतो, नवे दगड, नवा गिलावा लावतो आणि पुन्हा पाहतो. एवढे करूनही उपाय चालला नाही, तरच घर पाडावयाचे.

बंधुभगिनींनो, एका दगडामातीच्या घरासाठी देवाने याजकाला इतक्या फेऱ्या घालावयास लावल्या. मग माणसासाठी किती घालाव्यात?

5. यादीतील नाव

आता ज्यासाठी हे सर्व लिहिले ते सांगतो. आपल्या पुष्कळ मंडळ्यांत वार्षिक सभेपूर्वी सभासदांची यादी तयार होते. ठरलेल्या मुदतीत ज्याची वर्गणी आली नाही, त्याला मताचा हक्क राहत नाही. काही ठिकाणी त्याचे नावच खोडले जाते. नियम वाईट हेतूने झालेला नाही. विजेचे बिल भरावे लागते, पाळकसाहेबांचा पगार द्यावा लागतो, छप्पर गळते. शिवाय देणे हा भक्तीचा भाग आहे, हे आम्ही नाकारीत नाही.

परंतु खोडलेल्या नावामागे कोण असते? आमच्या पाहण्यात असे बंधू आहेत की ज्यांचे ठेकेदारीवरचे काम एका दिवसात सुटले. दोन महिने पगार नाही, खोलीचे भाडे थकले. दानाची थैली समोर आली की हात रिकामा, म्हणून ते उपासनेला येणेच बंद करतात. रात्रपाळी करून रविवारी सकाळी घरी येणाऱ्या बहिणी आहेत. त्यांची हजेरी भरत नाही. विधवा आहेत. वर सांगितलेले वृद्ध सुवार्तिक आहेत. ही माणसे विश्वासापासून गेलेली नाहीत. लाजेने दूर झालेली आहेत. आणि आपण लेखणीच्या एका रेघेने त्यांची लाज कायम करतो. जो खरोखर उधळेपणाने दूर गेला आहे, त्याच्याही घरी एक फेरी होत नाही. चट्टा न पाहताच घर पाडले जाते.

मताचा प्रश्न घटनेप्रमाणे सोडवावा. पण तीन गोष्टी कोणतीही घटना न बदलता करता येतील. पहिली, कोणतेही नाव कमी करण्यापूर्वी पाळक किंवा वडील यांपैकी कोणी तरी त्या घरी जावे, आणि एकदाच नव्हे, काही दिवस थांबून दुसऱ्यांदा जावे. वर्गणीचा विषय आधी काढू नये. जक्कयाच्या घरचा क्रम पाळावा. आधी जेवण, मग हिशेब. दुसरी, ज्याला देता येत नाही त्याची वर्गणी देऊ शकणाऱ्याने गुपचूप भरावी, आणि पावतीवर त्याचेच नाव घालावे. हे उंबराच्या माशीचे काम आहे. ते दिसू नये यातच त्याची शोभा. तिसरी, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे शब्बाथ शाळेच्या मुलांना महिन्यातून एकदा न्यावे. त्यांनी प्रार्थना करावी, मुलांनी ऐकावे. पडलेल्या खोडावर रोपे अशीच लागतात.

यांतील पहिलीच गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण तिला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

शेवटी एक विचार. ज्या नोंदवहीत आपण नावे लिहितो आणि खोडतो ती कागदाची आहे. कागद हे वाळवीचे अन्न आहे. जुन्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदी वाळवीने खाल्ल्याचे आपण ऐकतो. आपण खोडलेले आणि न खोडलेले, दोघांनाही ती सारखेच खाते. पण प्रभूने आपल्या शिष्यांना एका दुसऱ्या नोंदीविषयी आनंद करावयास सांगितले, ती स्वर्गातील. तेथे कसर लागत नाही, वाळवी पोहोचत नाही. त्या पुस्तकात ज्यांची नावे आपल्या नावाशेजारी लिहिलेली आहेत, त्यांना येथल्या बाकावर शेजारी बसू देण्यास आपण तयार आहोत काय?

हे प्रभो, गंधसरू आणि एजोब दोन्ही तुझ्या हातची. आमच्या नजरेतून सुटलेल्यांना पाहण्याचे ज्ञान आम्हाला दे. खोडण्यास उचललेली आमची लेखणी थांबव आणि आमची पावले त्या दाराकडे वळव. आमेन.